७.३ चा हेलिक्स दिसत नाही अन् ८.८ चा एम ५७ दिसते, हे उलटं काहून?

वावरातली_दुर्बीण (दारव्हा तालुका) · मंगळवार, रात्री १:१२

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहून राहिलो इथं, काही चुकलं तर सांभाळून घ्या. माझं सात एकर वावर आहे, कपाशी, तूर अन् यंदा खालच्या दीड एकरात हरभरा पेरला. डुकरं अन् रोही लै झाले म्हणून जागलीले जावंच लागते, तर मागच्या वर्षी ८ इंची डॉब (आरशाची दुर्बीण) घेतला (१२०० एमएम, एफ ६) तो बंडीत कुटाराच्या पोत्यावर ठेवून सोबत नेतो. घरचे म्हणते डुकरं हाकलाले जाते का चांदण्या मोजाले. आयपीस (डोळा लावाचं भिंग) दोनच आहेत, सोबत आलेले, २५ चा अन् १० चा.

तर चंद्र, शनी, गुरू सगळं पाहून झालं. एम ५७ हा तेजोमेघ (आकाशातला चकाकता वायूचा ढग) पहिल्याच रात्री सापडला, अभिजितच्या खालच्या दोन ताऱ्यांच्या मधात, १० चा लावला तर चक्क बिडीच्या धुराचा छल्ला. एम २७ त्याच्याहून सोपा. मले वाटलं आपण आता तरबेज झालो, अन् हेलिक्सच्या मागं लागलो, एनजीसी ७२९३, कुंभ राशीतला तेजोमेघ. फोटो पाह्यला तर डोळ्यावानी, लाल कडा अन् मधात निळं. यादीत त्याची प्रत ७.३ लिहून आहे, एम ५७ ची ८.८. आकडा कमी म्हणजे उजेड जास्त, एवढं मले समजते. मंग ८.८ वाला दिसते अन् ७.३ वाला चार रात्री झाल्या तरी काहीच नाही, असं कसं? जेवण करून वावरात पोचतो साडेदहा-अकराले, ॲपमधी जागा पाहतो, तिथं नळी फिरवतो, २५ चा लावून पाह्यला, मंग १० चा लावून मोठं करून पाह्यलं, काळं ते काळंच. पश्चिमेकडं जिनिंगचा उजेड असते उलसा, पण डोक्यावर आकाशगंगा चांगली दिसते हो आमच्या इथं.

आरशात खोट आहे का? एका दुकानदाराले फोन केला तर तो म्हणे ८ इंचात नाही होत, १२ इंची घ्या. कपाशीचा भाव पाहता १२ इंचीचं घरात नाव काढलं तर मलेच कायमचं जागलीवर ठेवतील.

---

निवृत्त_मास्तर (वाशीम) · मंगळवार, सकाळी ७:०५

आरसा ठणठणीत आहे. एम ५७ मधलं भोक दिसलं म्हणजे आरसाही चांगला अन् तुमचे डोळेही. १२ इंचीचं डोक्यातून काढा.

प्रतीचा आकडा काय सांगते, तर त्या वस्तूचा सगळा उजेड एका ठिपक्यात गोळा केला तर तो केवढ्या ताऱ्याएवढा होईल, बस. ताऱ्याले हे चालते कारण तो ठिपकाच आहे. तेजोमेघ पसरलेला असते. शेरभर कापूस गाठोड्यात बांधून धुऱ्यावर ठेवला तर दुरून पांढरा दिसते, तोच पिंजून अख्ख्या वावरावर उडवला तर पायाखाली असून दिसत नाही. कापूस तेवढाच. आता हिशेब करू, ढोबळ. एम ५७ सुमारे १.४ बाय १ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). हेलिक्सचा फक्त उजळ भाग धरला तरी १६ बाय १२ कला. क्षेत्रफळ काढलं तर जवळपास १४० पट. अन् एकूण उजेड दीड प्रतीनं जास्त, म्हणजे चार पट. चार पट उजेड १४० पट जागेवर फासला, तर जागेच्या मानानं हेलिक्स एम ५७ पेक्षा ३५ पट मंद झाला. यादी खोटं बोलत नाही, ती वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते.

पण तुमची खरी गोम वेळेत आहे गड्या. या दिवसात हेलिक्स सातच्या आसपासच दक्षिणेला सर्वात वर येते, आपल्याकडून ४९ अंशावर. तुम्ही अकराले पोचता तवा तो पश्चिमेकडं २० अंशाच्याही खाली गेलेला, धुरळ्यात, अन् वरून त्याच बाजूला तुमचं जिनिंग. लंडनच्या माणसाले हेलिक्स कधीच १८ अंशाच्या वर दिसत नाही, तिकडं तो अवघडच समजतात. म्हणजे तुम्ही दारव्ह्यात बसून लंडनचं आकाश पाहून राहिले.

संध्याकाळी जा. भाकर बांधून जा.

---

जयस्तंभ_चौक (अमरावती) · मंगळवार, सकाळी १०:४०

दादा एवढा कुटाणा कशाला, आता स्मार्ट टेलिस्कोप येतात, मोबाईलला जोडा, ते स्वतः शोधते, दहा मिनिटं फोटोवर फोटो चढवते अन् शहरातून सुद्धा हेलिक्स लाल-निळा दिसते. डोळ्याने तर राखाडी डागच दिसणार आहे शेवटी. मी माझा डॉब विकून टाकला.

---

पेंचवाली (नागपूर) · मंगळवार, दुपारी १:२५

जयस्तंभ दादा, फोटोच पाहायचा असता तर त्यांच्याकडे आधीच आहे ना, पोस्टमध्ये लिहिलंय त्यांनी. राखाडी डाग स्वतःच्या डोळ्यात येणं ही वेगळी गोष्ट आहे, ज्याला नाही पटत त्याने नाही पाहायचं, पण इथे प्रश्न तो नव्हता.

वावरातली दादा, सरांनी मुद्द्याचं सांगितलं, मी फक्त नजरेचं सांगते कारण माझं तिथेच अडलं होतं. पेंचला गेलो होतो आम्ही (ते २०२४ पासून देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क आहे, नागपूरवाल्यांनो जवळ आहे तर जात जा) तिथे हेलिक्स मला दुर्बिणीतून नाही, १० बाय ५० च्या साध्या बायनॉक्युलरमधून पहिल्यांदा दिसला! डॉबमध्ये मी अर्धा तास शोधत होते आणि तो पूर्ण वेळ माझ्या फील्डमध्येच (आयपीसमधून दिसणाऱ्या गोलात) होता. आपण छोटा गोळा शोधत असतो आणि तो असतो चंद्राच्या जवळपास अर्ध्या रुंदीचा, म्हणजे त्याच्यातूनच नजर फिरत राहते आणि कळतच नाही. म्हणून तो १० चा आयपीस तर अजिबात नको याला. त्याच्यात तुमचं फील्ड पाऊण चंद्राएवढंच उरतं, त्यातलं बरंचसं तेजोमेघाने भरतं, मग त्याच्या बाजूचं काळं आकाश दिसणार कुठे? काळं दिसलं तरच करडं कळतं. आणि १० च्या आयपीसमध्ये जागेच्या मानाने उजेड पण २५ च्या सहाव्या हिश्शाएवढाच राहतो.

दुसरं, सरळ बघू नका. डोळ्याच्या मधोमध ज्या पेशी असतात त्या रंग आणि बारीक अक्षरं बघायच्या, अंधारात त्या आंधळ्याच. अंधाराच्या पेशी बाजूला असतात. उजव्या डोळ्याने पाहत असाल तर नजर थोडी उजवीकडे ठेवा, वस्तू नाकाच्या बाजूला राहिली पाहिजे, उलट केलं तर डोळ्यातल्या आंधळ्या बिंदूवर जाण्याची भीती असते. मग नळीला हलकी टिचकी मारा. डाग हलला की दिसतो, थांबला की गायब. हे वाचायला येडेपणा वाटतो पण खरंच असं होतं, हलणारं आधी दिसतं हा डोळ्याचा जुना स्वभाव आहे. आणि डोक्यावरून काळं कापड घ्या, बाजूचा सगळा उजेड बंद. अर्धा तास मोबाईल नाही, ॲप पण नाही!!

---

वावरातली_दुर्बीण · मंगळवार, रात्री ९:५०

मास्तर, कापसाचं उदाहरण दिलं अन् एका झटक्यात समजलं. अकराले पाहून राहिलो होतो हे तर माह्या डोक्यातच नाही आलं, ॲप म्हणे "क्षितिजाच्या वर आहे" तर मले वाटलं आहे म्हणजे झालं.

ताई, डोक्यावर कापडाचं मात्र कठीण आहे. परवा अमावस्या. अमावस्येच्या रात्री वावरात एक माणूस काळं घोंगडं डोक्यावर घेऊन वाकून बसला आहे, हे गावात कोणी पाह्यलं तर काय होईल सांगा. आधीच चर्चा आहे का हा गुप्तधन काढून राहिला, पोलीस पाटील दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा आले तर त्यायले शनी दाखवला, मंग तेच तासभर उठाले तयार नाही. पण सगळ्याच गावाले कुठं शनी दाखवत बसू.

एक शंका. ते फिल्टर म्हणते सगळे, ओ-थ्री का काय. फिल्टरनं उजेड वाढते का?

---

निवृत्त_मास्तर · बुधवार, सकाळी ६:४०

वाढत नाही. कमीच होते. पण आकाशाचा जास्त कमी होते अन् तेजोमेघाचा जवळजवळ तसाच राहते, म्हणून डाग वर येते. जसं पाखडताना सुपातून दाणा नाही वाढत, फोलपट जाते.

हे काहून होते ते ऐकण्यासारखं आहे. हर्शेलनं १७८१ मधी युरेनस शोधला, अन् पुढच्याच वर्षी कुंभेत त्याले एक हिरवट गोल बिंब दिसलं, एनजीसी ७००९. ग्रहासारखं दिसते म्हणून पुढं त्यानंच अशायले (हेलिक्स, एम ५७ त्यातलेच) ग्रहीय म्हटलं, ग्रहाशी काही संबंध नाही, आपल्या जुन्या मराठी शब्दात बिंबाभ्रिका. लोकायले वाटे हे दूरचे ताऱ्यांचे पुंजके असतील. १८६४ मधी विल्यम हगिन्सनं कालेय तारकासमूहातल्या एकाचा, एनजीसी ६५४३ चा, वर्णपट पाह्यला. ताऱ्याचा असता तर अखंड पट्टा दिसला असता, तिथं नुसत्या दोन-चार रेघा, म्हणजे हा वायू. अन् त्यातली ठळक हिरवी रेघ पृथ्वीवरच्या कोणत्याच मूलद्रव्याची निघेना. मंग नवीन मूलद्रव्य समजून पुढं त्याले नेब्युलियम नाव ठेवून टाकलं! साठ वर्षं ते कोडं सुटलं नाही. १९२७ मधी बोवेननं सांगितलं का बाबांनो हा आपला ऑक्सिजनच आहे, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला, फक्त इतका विरळ का प्रयोगशाळेत तेवढी पोकळी करणंच जमत नाही, अणू एकमेकांवर आदळाच्या आधी निवांत ती रेघ सोडते.

ती रेघ ५००.७ नॅनोमीटरवर, अन् तिची जुळी ४९५.९ वर. ओ-थ्री फिल्टर तेवढ्या दोनच जाऊ देते, बाकी बल्ब, धूळ, ताऱ्यांचा उजेड सगळा अडवते. अन् गंमत अशी का अंधारात माणसाचा डोळा सर्वात तेज कुठं असते तर ५०७ च्या आसपास, अगदी बाजूलाच. तुमच्या फोटोतला लाल रंग हायड्रोजन अन् नायट्रोजनचा, तो रात्रीच्या डोळ्याले दिसतच नाही. म्हणून लाल कडा शोधू नका, ती नाही सापडणार.

---

गाविलगडचा_घुबड (चिखलदरा) · बुधवार, रात्री ११:३०

मास्तर क्लास! मले आमची शाळा आठवली, फक्त छडी नव्हती.

वावरातले भाऊ, फिल्टर घ्याची घाई नका करू, माझ्याजवळ सव्वा इंची ओ-थ्री आहे, तुमच्या आयपीसले बसेल. शुक्रवारी दारव्ह्याले लग्नाले येऊन राहिलो (तुळशीचं लग्न झालं का आमच्या घरच्यायले दुसरा धंदा नाही), मंडपात भेटा, पंधरा दिवस वापरा. घेतलाच पुढं तर ओ-थ्रीच घ्या, यूएचसी नावाचा दुसरा फिल्टर थोडा ढिला असते, त्यातून हायड्रोजनची निळसर रेघही येते, बाकी तेजोमेघायले तो बरा, पण ग्रहीयसाठी ओ-थ्रीले तोड नाही. मात्र एक, हा फिल्टर लावून ॲन्ड्रोमेडा-बिन्ड्रोमेडा पाहू नका अन् मंग म्हणू नका का खराब आहे, गॅलक्सी म्हणजे ताऱ्यांचा उजेड, तो फिल्टर मारूनच टाकते.

जागा ॲपनं नका शोधू. मीनास्य तारा दक्षिणेला एकटाच चमकते, त्याच्यापासून वर-उजवीकडं हात लांब करून एक मूठ, तिथं उप्सिलॉन ॲक्वारी म्हणून ५.२ प्रतीचा तारा आहे, वावरातून डोळ्यानं दिसाले पाह्यजे. तो फील्डच्या मधात घ्या अन् नळी पश्चिमेकडं सव्वा अंश सरकवा, तुमच्या २५ च्या आयपीसले एक फील्ड अन् थोडं जास्त. थांबा तिथंच. पाच मिनिटं थांबा, हलवू नका.

आता माझं खरं म्हणणं. तुम्ही हेलिक्सले अवघड समजून रडून राहिले, पण तुमच्याजवळ जे आहे ते नागपूर-अमरावतीच्या कोणाजवळच नाही, तुम्ही रात्रभर जागे असता! आम्हाले तीन वाजता उठाचं म्हणजे बायकोची परवानगी लागते. नवाच्या पुढं तिमिंगल तारकासमूहात एनजीसी २४६ पाहा, फाय-एक अन् फाय-दोन या ताऱ्यांसोबत त्रिकोण करते, ४ कलेचं अंधुक बिंब, आत दोन-चार तारे टाचणी टोचल्यावानी. विना फिल्टर मले नुसते तारे दिसले, फिल्टर लावला तर तारे दबले अन् गोल पुढं आला. बाराच्या सुमारास दक्षिणेला एनजीसी १३६०, तो सोपा आहे, लांबट. तीनले मिथुन डोक्याजवळ येते, त्यात एनजीसी २३९२ तर लहान अन् तेज, त्याले १० चा आयपीस लावा, चालते. लहान गोळ्यायले मोठं करा, पसरलेल्यायले मोठं करू नका, ताईनं सांगितलं तेच. अन् मिथुनच्याच खालच्या टोकाले एबेल २१. जॉर्ज एबेलनं पालोमार वेधशाळेच्या फोटोप्लेटा चाळून १९६६ मधी ८६ अंधुक ग्रहीय तेजोमेघांची यादी छापली, त्यातला हा. दहा कलेचा पसारा अन् उजेड नावाले. मले चिखलदऱ्याहून १० इंचीत दोन हिवाळे लागले, तिसऱ्या हिवाळ्यात चंद्रकोरीसारखं काही दिसलं, तेही श्वास रोखला तर. श्वास रोखाचं नसते खरं म्हणजे, डोळ्याले ऑक्सिजन कमी पडते, पण राहवत नाही ना.

हो, अन् वावरात झटका मशीन (कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं) आहे का? त्याची ती टिकटिक करणारी लाईट झाका. मी एकाच्या शेतात अर्धी रात्र त्या एका लाल-हिरव्या लुकलुकीत वाया घालवली. टॉर्चले लाल जिलेटीनचे तीन-चार पदर लावा. दहिवर पडून आयपीस धुकटते तर फवारणी पंपाची बॅटरी असते १२ व्होल्टची, तिच्यावर उलसा हीटर चालते. अन् एकटे जाऊ नका, तुमच्याकडं टिपेश्वरचं वाघाचं जंगल काही लै दूर नाही.

---

जयस्तंभ_चौक · गुरुवार, सकाळी ९:१५

डॉब विकायला नको होता राव. कोणाकडे ८ इंची जुना असेल तर कळवा.

---

पेंचवाली · गुरुवार, सकाळी ९:३२

हाहा. दादा, तीन वाजता उठायची पण तयारी ठेवा मग.

---

वावरातली_दुर्बीण · शनिवार, रात्री ११:५५

मंडळी, दिसला.

सविस्तर सांगतो. घुबड भाऊ मंडपात भेटले, फिल्टर रुमालात बांधून दिला, मी जिलेबी सोडून तोच पाहत बसलो. आज साडेपाचलेच निघालो, पुतण्याले सोबत घेतलं. झटका मशीनच्या लाईटवर शेण थापलं, चिकटपट्टी नव्हती. द्वितीयेची कोर सव्वासातपर्यंत बुडाली, नशिबानं लाईन पण गेली, शेजारच्या विहिरीवरचा बल्बही बंद. मीनास्यापासून मूठ मोजली, उप्सिलॉन सापडला, सरकवलं. पहिले विना फिल्टर दहा मिनिटं, काही नाही, खरंच काही नाही. मंग फिल्टर लावला, आकाश एवढं काळं झालं का मले वाटलं झाकण लावून राहिलं. घोंगडं डोक्यावर घेतलं (पोलीस पाटलायले दुपारीच सांगून ठेवलं). नजर उजवीकडं, टिचकी मारली अन् तिथं होता तो. केवढा मोठा हो! मी सुपारी शोधत होतो अन् हे तर ताट निघालं. पाण्यात दोन थेंब दूध टाकल्यावानी, अन् मधात उलसं पोकळ, ते पोकळ कधी दिसे कधी नाही. एकदा दिसला त्याच्या नंतर फिल्टर काढूनही त्या जागेवर काहीतरी आहे असं वाटे, पण ते खरं का मनाचं, मले नाही सांगता येत. पुतण्या म्हणे काका काहीच नाही तिथं. त्याले तिरकी नजर शिकवली, पाच मिनिटांनी तो म्हणे "हलवा, हलवा, हललं का दिसते."

एनजीसी २४६ साठी नवाले लागलो. त्रिकोण सापडला, तारे मोजून चार दिसले, फिल्टर लावून त्यायच्या भोवती धुकं आहे असं दोनदा वाटलं. वहीत प्रश्नचिन्ह टाकून ठेवलं. घुबड भाऊ, फिल्टर अजून बारा-तेरा दिवस आहे ना माह्याजवळ? तीनच्या मिथुनपर्यंत थांबणार होतो पण घरून फोन आला.

कारण झटका मशीनवर शेण थापताना माझ्या हातानं त्याचं बटणच बंद झालं होतं, अन् दोघंही काका-पुतणे घोंगड्यात. तेवढ्या वेळात रोह्यायनं खालच्या अंगाचा कोवळा हरभरा दहा तास (ओळी) साफ केला. शेजारच्या वावरवाल्यानं घरी कळवलं. उद्या सकाळी मले काय ऐकाले भेटणार आहे ते मले माहीत आहे.